साडेनऊ किलो

रात्री दहानंतर सोहारच्या समुद्राकाठी
हवा पिळायच्या राहिलेल्या कपड्यासारखी,
आणि मी पाठीवर सॅक घेऊन चालते.
सॅकमध्ये पाच किलो बासमती, दोन किलो तूरडाळ,
राहिलेल्या अडीच किलोंसाठी मारिसेलचं डंबेल,
टॉवेलात गुंडाळलेलं, मणक्याला टोचू नये म्हणून.

सप्टेंबरात व्हिएन्नाला उतरायचंय.
तिथून पुढे सगळं रुळांवर, एकवीस दिवस, एकटीनं.
इन्सब्रुकला गाडी बदलायला नऊ मिनिटं आहेत, कागदावर.
मी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळ लावते
आणि नऊ मिनिटांत दिव्याचे किती खांब होतात ते बघते.
पहिल्या रात्री सात झाले.
सातव्याला धरून उभी राहिले,
चष्म्यावर वाफ, वय सत्तेचाळीस,
इन्सब्रुकची गाडी केव्हाच गेलेली.

या गावात ऐकायलासुद्धा रूळ नाहीत.
वारा फिरला की रिफायनरीच्या फ्लेअरचा आवाज येतो,
लांबून, घुमत, अगदी गाडी येतेय असा,
येतेय, येतेय,
आणि तेवढाच राहतो.
दिवसभर मी त्याच कुंपणाच्या आत
डिझेलचे नमुने उजेडाला धरून बघत असते.

एकोणीस वर्षांत एकोणीस रजा.
एक मोरूच्या लग्नात गेली, तीन आईच्या गुडघ्यांत,
एक तर नुसती स्लॅबवर पाणी मारण्यात.
यंदा येत नाही म्हटल्यावर गडहिंग्लजहून मोरू म्हणाला,
एकटी? ट्रेननं? काय बघायला?
मला आल्प्स म्हणता आलं असतं.
मी म्हणाले, खिडकीतून.
बराच वेळ तो बोलला नाही. मग, बघ बाई.
त्या ‘बघ बाई’त वरच्या मजल्याच्या पाच खिडक्या होत्या
अजून न बसवलेल्या,
प्लॅस्टिक फडफडणाऱ्या.

खमीस खडकावर गळ टाकून बसतो.
किधर जाता सिस्टर, त्यानं पहिल्या आठवड्यात विचारलं.
एक्सरसाइज, मी म्हणाले.
मग आठवा खांब गाठला त्या रात्री खरं सांगून टाकलं:
ट्रेन पकडना है.
वाटलं, हसेल.
त्यानं वळून रस्त्याकडे पाहिलं,
दोन्ही बाजूंना, नीट,
आणि विचारलं, कितने बजे का?

पुढे खांब वाढत गेले. नऊ. दहा.
परवा अकरा! दम नाही, कळ नाही.
म्हटलं, पाठीनं घेतलं शेवटी शिकून.
खोलीवर आले तर कुकरची वाफ जिरत होती.
डब्यातले तांदूळ संपले म्हणून मारिसेल
आठवडाभर सॅकमधले काढत होती.
किती, विचारलं तर ओंजळ दाखवली.
आम्ही जेवलो. युरोप जरा जास्तच शिजला होता.
मग सवयीनं सॅक काट्यावर ठेवली:
सात किलो दोनशे.
वहीत तेवढंच लिहिलं.
भर घातली नाही.
ते दोन किलो तीनशे म्हणजे मी नक्की काय नेणार होते,
याचा विचार करत भांडी घासली.

मंगळवारी मस्कतला बोटांचे ठसे द्यायचेत.
फॉर्मवर प्रवासाचा हेतू विचारलाय,
तिथं टूरिझमच्या चौकोनात खूण केलीय,
दोनदा गिरवून, जरा बाहेर गेलेली.

आज वारा फिरलेला होता, फ्लेअर जोरात.
खमीसनं मला लांबूनच पाहिलं,
मी खांब मोजत असताना हात वर केला.
लेट है, म्हणाला. बैठो.
थर्मासचं झाकण डिशडाशाला पुसून पुढे केलं.
मी सॅक उतरवून खडकाला टेकवली,
पट्टा मात्र पायात अडकवून ठेवला,
स्टेशनात ठेवतात तसा.